प्रकल्प नोंदी: नकाशाच्या विनंतीतून ‘सेन्सर’ काढताना

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

‘जवळचं केंद्र शोधा’ हे पान आजपासून आमच्याकडे. काम एका ओळीचं: जुना कोड साफ करा, नकाशा आहे तसा ठेवा. पान उघडून कन्सोल, म्हणजे ब्राउझरची सूचनांची खिडकी, पाहिला तर पहिलीच पिवळी ओळ ‘सेन्सर नॉट रिक्वायर्ड’. गूगल मॅप्सच्या स्क्रिप्ट टॅगमध्ये, म्हणजे नकाशाचा कोड मागवणाऱ्या ओळीत, सेन्सर=फॉल्स अजून तसंच आहे. ते आता लागत नाही, असल्याने काही बिघडत नाही, पण काढलेलं बरं, एवढंच ती ओळ सांगते.

पानावर ठिकाण मिळवायच्या तीन वाटा आहेत. पत्ता टाइप करायचा, नकाशावर बोट ठेवायचं, किंवा ‘माझ्याजवळ’ दाबायचं. शिवाय पान उघडताच कोणी काही दाबायच्या आत ब्राउझर ठिकाणाची परवानगी मागतो. म्हणजे टॅगमध्ये ‘आम्ही सेन्सर वापरत नाही’ असं लिहिलंय आणि पुढच्याच फाइलमध्ये ब्राउझरकडून ठिकाण घेणाऱ्या नेव्हिगेटर.जिओलोकेशनला हाक मारली आहे. हे वर्षानुवर्षं असंच चाललं, कारण कोणाचंच काही अडलं नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

गटात नवीन आलेल्यांनी विचारलं की हा सेन्सर मुळात होता कशासाठी. इथेच लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा सांगायला नको.

गूगल मॅप्सच्या जावास्क्रिप्ट एपीआयची, म्हणजे पानाच्या कोडने नकाशा सेवेशी बोलायच्या सोयीची, तिसरी आवृत्ती २००९ मध्ये आली. तेव्हा तिला एपीआय की, म्हणजे वापरणाऱ्या साइटच्या ओळखीची किल्ली, लागत नव्हती, पण सेन्सर लागायचाच: ट्रू किंवा फॉल्स. वापरणाऱ्याचं ठिकाण ठरवायला तुमचं अ‍ॅप्लिकेशन जीपीएससारखं काही वापरतं का, हे प्रत्येकाने आधी सांगायचं. ज्या यंत्रात असं काही नाही त्याच्यासाठीही गप्प बसायची सोय नव्हती, फॉल्स म्हणून कळवावंच लागे. जिओकोडिंग (पत्त्यावरून अक्षांश-रेखांश काढणं), डायरेक्शन्स, एलिव्हेशन, स्टॅटिक मॅप्स, गूगलच्या या सेवांत सगळीकडे हाच नियम. जिओकोडिंगच्या विनंतीत तो राहून गेला की उत्तरात ‘रिक्वेस्ट डिनाइड’ यायचं, आणि त्या काळच्या कागदपत्रात या उत्तराचं नेहमीचं कारण म्हणून सेन्सर नसणं हेच दिलेलं असे. आज तेच उत्तर दिसलं तर आधी की तपासतात.

ट्रू लिहिल्याने जीपीएस सुरू होत नसे आणि फॉल्स लिहिल्याने बंद होत नसे. नकाशाही तोच यायचा. ठिकाण मिळवायचं काम ब्राउझरच्या जिओलोकेशन एपीआयचं, त्याची परवानगी वेगळी, त्याचा नकाशा सेवेशी संबंध नाही. सेन्सर हे नुसतं प्रतिज्ञापत्र होतं. आणि खोटं लिहिलं तरी पान चालत असल्यामुळे बहुतेकांनी कुठून तरी उचललेल्या नमुन्यात जे असेल ते ठेवलं. नमुन्यांत बहुधा फॉल्स असायचं.

७ ऑगस्ट, गुरुवार

शोधा-आणि-बदला करायच्या आधी ‘सेन्सर’ हा शब्द सगळ्या कोडमध्ये शोधला. बरं झालं.

ब्राउझर जिओकोडिंगसाठी थेट गूगलकडे जात नाही, आमच्या सर्व्हरवर एक छोटा प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ प्रोग्राम, आहे त्यामार्फत जातो. हा प्रॉक्सी सेन्सर नुसता पुढे पाठवत नाही, स्वतः वाचतो. फॉल्स असेल तर विचारलेला पत्ता आणि आलेले अक्षांश-रेखांश ‘शोध नोंद’ नावाच्या तक्त्यात जातात, त्यावरून दर महिन्याचा अहवाल निघतो. ट्रू असेल तर तक्त्यात काहीच जात नाही आणि कॅशही होत नाही, म्हणजे पुन्हा वापरायला उत्तर ठेवलं जात नाही. वर एका ओळीची टीप: ‘चालू ठिकाण, साठवू नये’. ब्राउझरच्या बाजूला ट्रू एकाच जागी आहे. ‘माझ्याजवळ’ दाबल्यावर मिळालेल्या बिंदूचा पत्ता काढायला जी रिव्हर्स जिओकोडिंगची विनंती जाते, तिथे.

म्हणजे बाहेरच्या सेवेला कळवायची खूण कोणीतरी विचार करून घरातल्या कामाला जुंपली होती. गूगलला ती नको झाली, पण आमच्या प्रॉक्सीला हवीच आहे. आणि खरी गोम पुढे आहे: विनंतीत सेन्सर नसेल तर प्रॉक्सी फॉल्स धरतो. पिवळी ओळ घालवायला सगळीकडून हा शब्द पुसला असता, तर त्याच क्षणापासून ‘माझ्याजवळ’ दाबणाऱ्या प्रत्येकाचं चालू ठिकाण तक्त्यात जाऊ लागलं असतं. चाचण्या सगळ्या हिरव्या राहिल्या असत्या, कारण नकाशा नीट दिसतो की नाही एवढंच त्या पाहतात.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सर्व्हरकडची मैत्रीण म्हणाली, “अरे, एक वॉर्निंग घालवायला तू आठवडा घालवणार का? स्क्रिप्ट टॅगमधलं काढ, प्रॉक्सीतलं राहू दे.”

तिचं अर्धं बरोबर आहे. टॅगमधलं आजच काढलं, त्याच्यावर काहीच अवलंबून नव्हतं. प्रॉक्सीचं तसं नाही. तिला पान उघडून दाखवलं. ‘माझ्याजवळ’ दाबलं, खूण इमारतीवर आली. मग खूण धरून जरा बाजूला, दारापाशी ओढली. लोक हे हमखास करतात, कारण खूण नेमक्या जागी कधीच बसत नाही. ओढल्यावर पान पुन्हा पत्ता विचारतं, आणि ही दुसरी विनंती ‘नकाशावर बोट ठेवलं’ या वाटेने जाते, सेन्सर=फॉल्स घेऊन. तक्ता उघडला तर पहिल्या विनंतीची नोंद नाही, दुसरीची आहे, पाच दशांश स्थळांसकट. म्हणजे जे साठवायचं नाही असं ठरवलं होतं, त्याच्यापासून काही पावलांवरचा बिंदू साठवला गेला. उलट तो जास्त नेमका, कारण माणसाने स्वतः दुरुस्त केलेला.

“हं,” ती म्हणाली. “मग आठवडा घालव.”

११ ऑगस्ट, सोमवार

अडचण ट्रू-फॉल्सच्या पलीकडची आहे. सेन्सरची खूण पानाबद्दल किंवा विनंतीबद्दल बोलते. आम्हाला हवी ती माहिती बिंदूबद्दलची आहे: हे अक्षांश-रेखांश आले कुठून. ही माहिती बिंदूलाच चिकटलेली हवी, म्हणजे तो एका फंक्शनमधून दुसऱ्यात गेला, ओढला गेला, तरी ती सुटणार नाही.

म्हणून पानाच्या कोडमध्ये सुटे आकडे फिरवणं बंद. आता बिंदू ही एक वस्तू आहे: अक्षांश, रेखांश, उगम, अचूकता, वेळ. उगमाच्या तीनच किमती: ‘लिहिलेला’, ‘दाखवलेला’, ‘यंत्राचा’. खूण ओढली की उगम बदलत नाही, फक्त अचूकता रिकामी होते. यंत्राचा बिंदू कितीही ओढा, तो यंत्राचाच. कोणी ओढत ओढत दुसऱ्या गावापर्यंत नेला तर? तरीही यंत्राचाच. तिथे अहवालातली एक नोंद कमी होईल, चालेल. उलट्या बाजूची चूक चालणार नाही.

प्रॉक्सीकडे आता उगम जाईल. उगम नसेल किंवा अनोळखी असेल तर प्रॉक्सी तो ‘यंत्राचा’ धरेल. आधी न सांगणं म्हणजे फॉल्स होतं, आता न सांगणं म्हणजे साठवू नका. खरं तर सगळ्या दुरुस्तीत हा एक बदल सगळ्यात मोलाचा, आणि कोडमध्ये जेमतेम एक ओळ.

गूगलकडे पुढे जाणाऱ्या विनंतीत उगम नाही, सेन्सरही नाही. त्यांनी विचारलेलं नाही, आपण सांगायचं नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

कॅशला मुदतच नव्हती. गूगलच्या अटींप्रमाणे जिओकोडिंगमधून आलेले अक्षांश-रेखांश सलग ३० दिवसांपर्यंतच ठेवता येतात. प्लेस आयडीला, म्हणजे गूगलने ठिकाणाला दिलेल्या ओळख-क्रमांकाला, ही मर्यादा नाही. मुदत घातली, जुनं सगळं काढून टाकलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज वेगवेगळ्या यंत्रांवर ‘माझ्याजवळ’. फोनवर अचूकतेचा आकडा दहा-पंधरा मीटरच्या आसपास, घरात शिरलं की वाढतो. लॅपटॉपला जीपीएस नाही, तरी वायफायच्या आधाराने चांगला बिंदू मिळतो. मजा डेस्कटॉपवर: वायफाय नाही, तारेने जोडलेला, तरी ठिकाण मिळालंच. अचूकता हजारो मीटर, म्हणजे आयपी पत्त्यावरून घेतलेला अंदाज असणार.

‘असणार’ म्हणतोय, कारण जिओलोकेशन एपीआय ठिकाण कशावरून काढलं ते सांगतच नाही. उपग्रह, वायफाय, मोबाइलचा टॉवर, आयपी, सगळ्यांचं उत्तर एकाच साच्यात येतं. अचूकतेचा आकडा मीटरमध्ये असतो आणि त्याला ९५ टक्के खात्री धरलेली असते: खरी जागा त्या त्रिज्येच्या वर्तुळात असण्याची. तेवढ्यावरूनच ताडायचं. मग या डेस्कटॉपसाठी जुन्या प्रश्नाचं खरं उत्तर काय होतं? यंत्रात ठिकाण ओळखणारं काहीच नाही, पण ठिकाण तर घेतलं. ट्रू म्हणा की फॉल्स, दोन्ही अर्धवटच. आमच्या उगमात तो ‘यंत्राचा’, वाद नाही: माणसाने लिहिला नाही, दाखवला नाही, म्हणजे यंत्राने दिला.

पान मात्र या फरकाकडे डोळेझाक करत होतं. हजारो मीटरच्या अंदाजावरही टोकदार खूण रोवून ‘तुम्ही इथे आहात’ लिहायचं. आता अचूकतेएवढं वर्तुळ काढतो, आणि ते १००० मीटरपेक्षा मोठं असेल तर खूणच नाही, ‘अंदाजे या भागात’ एवढंच, आणि पत्त्याची चौकट पुढे येते.

पान उघडताच परवानगी मागणं बंद केलं. ‘माझ्याजवळ’ दाबल्यावरच विचारायचं. कारण न कळता समोर आलेल्या चौकटीला लोक ‘नको’ म्हणतात, आणि एकदा नको म्हटलं की नंतर बटण दाबूनही चौकट येत नाही, थेट ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे त्रुटी क्रमांक १ येते. तिच्यासाठी वेगळा मजकूर लिहिला: परवानगी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये बदलता येते, नाहीतर पत्ता लिहा. क्रमांक २ आणि ३, म्हणजे ठिकाण न सापडणं आणि वेळ संपणं, यांना एकच मजकूर पुरतो.

वेळेवरून आठवलं. टाइमआउट दिलाच नाही तर मर्यादाच नसते, वाट पाहत राहायचं. १० सेकंद दिले. परवानगीची चौकट समोर असताना जो वेळ जातो तो यात धरला जात नाही, त्यामुळे चौकट उघडी ठेवून कोणी चहाला गेलं तर पानाला त्रुटी मिळत नाही. तेवढ्यापुरतं बटणावर ‘परवानगीची वाट पाहतोय’ असं लिहिलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

तक्ता बंद केला म्हणून साठवणं बंद झालं असं नाही. प्रॉक्सीकडे येणारी विनंती गेट पद्धतीची, म्हणजे अक्षांश-रेखांश विनंतीच्या वेब पत्त्यातच. आमच्या वेब सर्व्हरचा, म्हणजे एंजिनएक्सचा, अ‍ॅक्सेस लॉग (आलेल्या विनंत्यांची नोंदवही) नेहमीच्या मांडणीत विनंतीची पूर्ण ओळ लिहितो, क्वेरी स्ट्रिंगसकट, म्हणजे वेब पत्त्यातल्या त्या आकड्यांसकट. सर्व्हरवर जाऊन पाहिलं तर काय, प्रत्येक ‘माझ्याजवळ’ तिथे नांदत होतं, शेजारी आयपी पत्ता, वेळ आणि ब्राउझरचं नाव. ज्याने ‘साठवू नये’ अशी टीप लिहिली त्याने डेटाबेस सांभाळला, पण लॉग ही त्याची हद्द नव्हती. तक्त्यापेक्षा हा लॉग वाईट, कारण तक्त्यात निदान माणूस ओळखता येत नव्हता.

दोन बदल. ब्राउझरकडून प्रॉक्सीकडे जाणारी विनंती पोस्ट पद्धतीची केली, म्हणजे बिंदू वेब पत्त्यात नाही, विनंतीच्या पोटात. आणि त्या मार्गासाठी लॉगची मांडणी बदलून क्वेरी स्ट्रिंग वगळली, म्हणजे जुन्या पद्धतीने कोणी विचारलं तरी आकडे उतरणार नाहीत. जुने लॉग पुसायचं काम सर्व्हरकडच्या मैत्रिणीने घेतलं. बॅकअपमधलेही, हे तिनेच आठवण करून दिलं.

तिसरी गळती छोटी. पान शोधानंतर स्वतःच्या वेब पत्त्यात अक्षांश-रेखांश लिहायचं, म्हणजे दुवा कोणाला पाठवता यावा. सोय चांगली. आजचे ब्राउझर दुसऱ्या साइटकडे जाताना रेफररमधून, म्हणजे ‘कुठून आलो’ या माहितीतून, फक्त साइटचं नाव देतात, त्यामुळे तिकडे धोका कमी. पण लोक दुवा उचलून गटात टाकतात. आता उगम ‘यंत्राचा’ असेल तर दुव्यात केंद्राचा क्रमांक जातो, माणसाचा बिंदू नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

मॅडमबरोबर बैठक. त्या या पानाच्या मालक. मी मांडलं की ‘यंत्राच्या’ बिंदूसाठी रिव्हर्स जिओकोडिंग बंदच करू. केंद्रांची यादी आपल्याकडे आहे, अंतर ब्राउझरमध्येच काढता येतं, मग माणसाचा बिंदू बाहेर पाठवायचं कारण फक्त ‘तुम्ही इथे आहात’ खाली एक ओळ पत्ता दाखवणं. सरळ रेषेतलं अंतर आणि रस्त्याचं अंतर वेगळं हे खरं, मध्ये नदी आली की फारच वेगळं, पण पहिली पाच केंद्रं निवडायला ते पुरतं.

मॅडम म्हणाल्या, “लोकांना स्वतःचा पत्ता दिसला की भरवसा वाटतो. फोनवर तक्रारी मी ऐकते, तुम्ही नाही.”

हे खरं आहे. मधला मार्ग निघाला: पत्त्याच्या जागी ‘पत्ता दाखवा’ असं छोटं बटण, दाबलं तरच बिंदू जिओकोडिंगला जाईल. त्याखाली एक ओळ: यासाठी तुमचं ठिकाण नकाशा सेवेकडे पाठवलं जाईल. ओळ मॅडमनी दोनदा लहान केली, मी दोनदा त्यात ‘पाठवलं’ परत घातलं.

अर्थात बटण न दाबताही नकाशा त्या भागात सरकतो आणि त्या भागाचे तुकडे गूगलकडून मागवले जातात, म्हणजे साधारण भाग त्यांना कळतोच. हेही माहितीच्या पानावर लिहिलं. नाहीतर ‘ठिकाण फोनबाहेर जात नाही’ हे वाक्य अर्धसत्य ठरलं असतं.

अहवालाचाही प्रश्न सुटला. महिन्याला कोणत्या भागातून किती शोध, एवढंच त्यांना हवं असतं. तर मग पाच दशांश स्थळं कशाला? पाचवं स्थळ म्हणजे साधारण एक मीटर. दोनच ठेवली, अक्षांशात सुमारे १.१ किलोमीटर. ‘लिहिलेल्या’ पत्त्यांनाही हेच लागू, कारण लिहिलेला पत्ता पुष्कळदा घराचाच असतो.

१९ ऑगस्ट, मंगळवार

हेच पान मोबाइल अ‍ॅपमध्ये वेबव्ह्यूत, म्हणजे अ‍ॅपमधल्या छोट्या ब्राउझरमध्ये, उघडतं. तिथे कळवायच्या जागा वेगळ्या, आणि या जागा गप्प बसू देत नाहीत.

अँड्रॉइडच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे अ‍ॅपला काय काय लागतं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, फक्त नेमक्या ठिकाणाची, म्हणजे फाइन लोकेशनची परवानगी होती. अँड्रॉइड १२ पासून वापरणारा ‘अंदाजे’ निवडू शकतो, म्हणून फाइनबरोबर कोर्सही, म्हणजे ढोबळ ठिकाणही, एकाच वेळी मागावं लागतं. दोन्ही घातल्या, आणि अंदाजे ठिकाण आलं तरी पान कोलमडत नाही हे पाहिलं. परवाचं वर्तुळ इथे आपोआप उपयोगी पडलं. आयफोनच्या बाजूला इन्फो.पीलिस्ट या तशाच फाइलमध्ये कारणाचं वाक्य होतं, ‘अ‍ॅपला ठिकाण हवे आहे’. हे कारण नव्हे, हट्ट झाला. नवीन वाक्य: ‘जवळची केंद्रं दाखवण्यासाठी तुमचं सध्याचं ठिकाण वापरलं जातं.’ वापर सुरू असतानाचीच परवानगी, पार्श्वभूमीतली मागायचं काही कारण नाही.

मग दोन्ही अ‍ॅप-दुकानांचे गोपनीयतेचे अर्ज. अ‍ॅपल तीन किंवा अधिक दशांश स्थळांच्या अक्षांश-रेखांशांना नेमकं ठिकाण मानतं, त्याहून ढोबळ ते कोर्स. गूगल प्ले ३ चौरस किलोमीटर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्राला अंदाजे म्हणतं. आमची दोन दशांश स्थळं अ‍ॅपलच्या मोजणीत कोर्स बसतात. प्लेच्या मोजणीत बसत नाहीत: १.१ गुणिले १.१ म्हणजे जेमतेम सव्वा चौरस किलोमीटर, आणि विषुववृत्तापासून दूर गेलं की रेखांशाची बाजू आखडते, म्हणजे त्याहूनही कमी. अहवालाला एक दशांश स्थळ पुरेल का हे मॅडमना विचारलं. पुरेल म्हणाल्या. मग एकच ठेवलं. ‘पत्ता दाखवा’साठी नेमकं ठिकाण बाहेर जातं, म्हणून त्या रकान्यात दोन्ही अर्जांवर ‘नेमकं’च भरलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

काही साइट आमचं पान आयफ्रेममध्ये, म्हणजे त्यांच्या पानातल्या एका चौकटीत, लावतात. तिथे अलाऊ=जिओलोकेशन लिहिलेलं नसेल तर ‘माझ्याजवळ’ चालत नाही, आणि ते लिहिणं त्यांच्या हातात. परवानगी नसेल तिथे बटण दाखवायचंच नाही असं केलं.

चाचण्यांत एक नवी: यंत्राचा बिंदू घ्या, ओढा, पत्ता मागा, मग तक्ता आणि लॉग दोन्ही रिकामे आहेत हे तपासा. जुन्या कोडवर चालवली तर दोन्हीकडे अडकते. नव्यावर जाते.

२५ ऑगस्ट, सोमवार

नवीन पान चढवलं. कन्सोल स्वच्छ.

प्रॉक्सीतून सेन्सर वाचणारी अट मात्र तशीच ठेवली आहे. लोकांच्या फोनमध्ये अ‍ॅपची जी जुनी आवृत्ती आहे तिच्या पोटात पान भरून दिलेलं आहे, ती सर्व्हरवरून नवं पान घेत नाही आणि अजून सेन्सर=ट्रू, सेन्सर=फॉल्स पाठवते. तिच्या विनंतीत उगम नसतो, त्यामुळे नव्या नियमाने ती सगळी ‘यंत्राची’ धरली जाते आणि काही साठत नाही. अहवालात या महिन्यात आकडे खाली दिसतील, मॅडमना आधीच सांगून ठेवलं. त्यांनी विचारलं की निदान जुन्या अ‍ॅपमधले फॉल्सवाले तरी मोजता येतील का. ओढलेल्या खुणा त्यातच मिसळलेल्या आहेत, वेगळ्या काढता येत नाहीत, म्हणून नाही म्हटलं. अट आता एवढंच करते: सेन्सर आला की गूगलकडे पाठवण्याआधी गाळते आणि जुन्या आवृत्तीची एक विनंती म्हणून आकडा एकने वाढवते. तो आकडा शून्यावर आला की अट काढायची. काम सर्व्हरकडच्या मैत्रिणीच्या यादीत टाकलं आहे.